बदलते हवामान, वादळ आणि घराचे छप्पर : गोव्यातील घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलच्या अखेरीस पूर्वेकडे पहिली वीज चमकली की छपरांविषयी प्रश्न येऊ लागतात आणि ते दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, त्यामुळे आपल्या घराला लागू असलेला भाग थेट वाचता येईल.

१. वादळाने छप्पर उडते हे समजते. पण त्यात बदलत्या हवामानाचा, म्हणजे ऊन-पावसाच्या आलटापालटीचा, संबंध कुठे येतो?

वादळ बहुतेक वेळा शेवटचा धक्का देते. त्याआधी कित्येक आठवडे छप्पर हळूहळू सैल होत असते आणि हे काम ऊन-पावसाच्या आलटापालटीने झालेले असते. सतत ऊन असेल तर पत्रा तापून एकदा जेवढा वाढायचा तेवढा वाढतो. सतत पाऊस असेल तर लाकूड फुगून एका मापाला स्थिर होते. दुपारी कडक ऊन, संध्याकाळी सर, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन असे चालू राहिले, की छपराचा प्रत्येक भाग रोज हलतो आणि पत्रा, लाकूड, सिमेंट, रबर यांची हालचाल सारखी नसल्याने सांध्यांवर ताण येतो. स्क्रू अर्धा फेरा सुटतो, कौल बोटभर सरकते, सिमेंटच्या जोडाला केसाएवढी चीर पडते. यांपैकी काहीही खालून दिसत नाही. म्हणूनच ‘मागच्या वर्षी याहून मोठे वादळ आले तेव्हा काही झाले नाही, मग यंदाच कसे उडाले?’ असे लोक विचारतात. यंदाच्या वादळाला आधीच सैल झालेले छप्पर मिळालेले असते.

२. वाऱ्याचा वेग किती असला म्हणजे छपराला धोका समजावा?

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १२ किलो वजनाइतका असतो; ताशी १०० किलोमीटरला तो सुमारे ४७ किलोपर्यंत जातो. इमारतींच्या आराखड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मानकात पणजीसाठी मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे आणि त्या वेगाला हाच दाब ९० किलोच्या वर पोहोचतो. वाऱ्याचे हे बळ छपराच्या निरनिराळ्या भागांवर कमीजास्त पडते. कडांवर ते सर्वाधिक असते.

आता छपराचे वजन पाहू. मंगळुरी कौलांचे आच्छादन दर चौरस मीटरला ४० किलोंच्या आसपास भरते, तर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा जेमतेम चार-पाच किलो. यावरून उघड होते की कौले बऱ्याच अंशी स्वतःच्या वजनाने टिकतात आणि पत्रा केवळ स्क्रूंच्या भरवशावर असतो. सैल स्क्रूंच्या पत्र्याला वळवाच्या सरीआधीचा ताशी ५०-६० किलोमीटरचा झोतही पुरेसा होतो. नीट बांधलेले छप्पर याच्या दुप्पट वेगातही जागेवर राहते. त्यामुळे धोक्याचा एकच आकडा सर्व घरांना लागू पडत नाही.

३. नेहमी कोपऱ्यातली आणि आढ्याजवळचीच कौले का उडतात?

वारा छपरावर आपटून वर चढतो आणि कडेवरून, आढ्यावरून वळताना तिथल्या पृष्ठभागापासून सुटतो. तो सुटतो त्या ठिकाणी हवेचा दाब घटतो आणि छप्पर वरच्या बाजूने ओढले जाते. हे खेचणे कोपऱ्यांत, वळचणीच्या कडेला आणि आढ्याच्या मागच्या अंगाला सर्वांत जास्त असते. कमी उताराच्या छपरावर तर वाऱ्याकडची बाजूसुद्धा दाबली न जाता उचललीच जाते. जुन्या गोमंतकीय घरांचा चढा उतार पाणी लवकर खाली जावे म्हणून ठेवलेला असला, तरी वाऱ्याच्या दृष्टीनेही तो सोयीचा ठरतो. गच्चीवरच्या शेडला आज देतात तो नाममात्र उतार मात्र गैरसोयीचा.

कौलांच्या फटींतून हवा खेळत असल्यामुळे वरच्या आणि खालच्या दाबातील फरक थोडा कमी होतो. सलग पत्र्याला ही सवलत नाही.

४. ऊन-पावसाच्या आलटापालटीने पत्र्याचे नेमके काय बिघडते?

मे महिन्याच्या दुपारी उन्हातला पत्रा हात लावू देत नाही; ६० अंशांच्या पुढे तो सहज जातो. त्यावर अचानक सर आली की काही मिनिटांत तो तीस-चाळीस अंशांनी थंड होतो. सहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटर आखडतो, अॅल्युमिनियमचा साडेपाच, तर उजेडासाठी मध्ये बसवलेला पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा १५ मिलिमीटरहून अधिक. स्क्रू मात्र खालच्या लोखंडी पट्टीत पक्का असतो. रोजच्या या ओढाताणीने स्क्रूभोवतीचे भोक लांबट होते, उन्हाने कडक झालेला रबरी वॉशर चिरतो आणि पाणी आत शिरते. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याभोवतीच गळती आधी सुरू होते, त्याचे कारण हेच. त्याची भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडायची असतात आणि वॉशर रुंद घ्यायचा असतो; घाईत हे राहून जाते.

दुसरे बिघडते ते गंजाने. पेडणे, बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टी, केपे, काणकोण या तालुक्यांच्या किनाऱ्याकडच्या गावांत वाऱ्याबरोबर मीठ येते. आषाढातला सलग पाऊस हे मीठ धुऊन नेतो. भुरभुर पाऊस आणि ऊन आलटून पालटून आले, की ओलावा सुकतो, मीठ तिथेच साठते आणि पुढच्या सरीत ते आणखी दाट खारट पाणी होऊन धातू खाते. पत्र्याची खालची बाजू तर पावसाने कधीच धुतली जात नाही. म्हणून वरून रंग चकचकीत असलेला पत्रा स्क्रूपाशी खालून पोखरलेला आढळतो. तपासणी करताना शिडी आतल्या बाजूला लावून खालून पाहावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत. खोलगट भागात मारलेल्या स्क्रूवरून पावसाचे सगळे पाणी वाहत असते.

५. कौलांना ऊन-पावसाचा काही त्रास होत नाही, असे जुने लोक म्हणतात. ते खरे आहे का?

कौलांपुरते ते बरेचसे खरे आहे. बाझेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यानंतर ही चपटी, खाचांची कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि गोव्यात जुन्या अर्धगोल नळ्यांची जागा त्यांनी घेतली. चांगले भाजलेले कौल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कमी भाजलेले कौल मात्र पाणी पिते, जड होते, शेवाळते आणि पायाखाली फुटते. दोन कौले एकमेकांवर हलकेच आपटून पाहावीत. खणखणीत आवाज आला तर कौल पक्के, बद्द आवाज आला तर ते बाजूला काढावे.

खरा प्रश्न कौलांखालच्या लाकडाचा आहे. वासे आणि रिपा पावसाळी हवेत फुगतात, उन्हात आक्रसतात, आणि प्रत्येक वेळी त्यांत ठोकलेला खिळा किंचित बाहेर येतो. रीप अर्धा इंच खाली झुकली तरी तिच्यावर टेकलेल्या कौलाची खाच सुटते आणि कौल नुसते वजनावर पडून राहते. अशा ओळीत वादळाच्या झोताला पहिले कौल उचलायला वेळ लागत नाही; ते निघाले की शेजारच्या कौलांची कड उघडी पडते आणि मग एकामागून एक कौले जातात. माडाचे वासे जून असतील तर भक्कम असतात. कोवळ्या माडाचे वासे मात्र चार-सहा पावसाळ्यांत वाकतात आणि वाळवीला बळी पडतात.

सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांत याच्या जोडीला माकडे आणि वानरे आहेत. त्यांनी सरकवलेले एक कौल वाऱ्यासाठी उघडलेले दारच असते, म्हणून तिथे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी खालून प्रकाशाची तिरीप दिसते का ते पाहावे.

६. श्रावणातला पश्चिमेचा पाऊस आमच्या घरात कधी शिरला नाही. मेमधल्या एका सरीने मात्र सगळे घर भिजले. असे का?

कारण वारा उलट्या बाजूने आला. जून ते सप्टेंबर वारा प्रामुख्याने नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो आणि आपल्याकडचे सुतार, फॅब्रिकेटर त्याच हिशेबाने काम करतात : पत्र्याची एकमेकांवर चढवलेली कड पश्चिमेला पाठ करून असते, वळचण त्या बाजूला जास्त बाहेर काढलेली असते, पडवीही तिकडेच असते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये मात्र दुपारनंतरचे मेघगर्जनेचे ढग घाटाच्या बाजूने येतात. अशा ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून सर्व दिशांना पसरते. दहा मिनिटांत वाऱ्याची दिशा पूर्ण पालटू शकते. मग पत्र्याची जी कड वाऱ्यापासून लपलेली होती तिच्याखालीच वारा घुसतो, आणि जोडाखाली पाणी उतरावे म्हणून ठेवलेला उतार पाणी वर ढकलले जात असताना उपयोगाचा राहत नाही.

बदलत्या हवामानाचे हे सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. जिची कधीच परीक्षा झालेली नाही ती पूर्वेची बाजू आपण ‘चांगली’ धरून चालतो. शाकारणी (पावसाळ्यापूर्वीची छपराची डागडुजी) करणाऱ्यालाही ‘पश्चिमेकडे नीट बघ’ असेच सांगितले जाते. पूर्व आणि उत्तर बाजूच्या कडांना निदान पट्ट्या मारून घ्याव्यात, आढ्याच्या कौलांचे सिमेंट दोन्ही अंगांनी तपासावे.

७. गच्चीवर चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड आहे. तिला जास्त धोका आहे का?

होय, आणि गोव्यात वादळानंतर रस्त्यावर, विजेच्या तारांवर येऊन पडणारे पत्रे बहुधा अशाच शेडचे असतात. उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरून पत्रा वर ढकलतो आणि त्याच वेळी वरून तो ओढलाही जातो (प्रश्न ३); दोन्ही बळे एकाच दिशेची होतात. शेड दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असल्याने तिथे वाराही जमिनीपेक्षा जोरकस असतो.

पाहायच्या जागा वरून खाली अशा क्रमाने आहेत : स्क्रू, मग आडव्या पट्ट्या आणि कैची यांचे वेल्डिंग, मग खांबाचा तळ. अनेक शेडचे खांब गच्चीच्या फरशीवर चार छोट्या बोल्टांनी अडकवलेले असतात आणि ते बोल्ट केवळ वरच्या गिलाव्यात असतात. साऱ्या छपराचे उचलणारे बळ शेवटी त्या बोल्टांवर येते. बोल्ट स्लॅबच्या खऱ्या काँक्रीटमध्ये, रासायनिक अँकरने (भोकात घट्ट होणारे रसायन भरून) बसवलेले असावेत. कडेच्या दोन ओळींतील स्क्रू मधल्या भागापेक्षा दुप्पट दाट मारावेत. अशी शेड बांधण्यापूर्वी पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी घ्यावी. ती नसेल तर नुकसानीनंतर विम्याच्या वेळी अडचण येऊ शकते (प्रश्न १५).

८. आमचे घर स्लॅबचे आहे. आम्हाला काळजीचे कारण नाही ना?

स्लॅब उडून जाणार नाही. पण तो गळेल, आणि त्याचे मूळही तापण्या-निवण्यातच असते. दहा मीटर लांबीचा स्लॅब २५ अंशांच्या फरकाने अडीच-तीन मिलिमीटर हलतो आणि त्याची पहिली चीर गच्चीच्या कठड्याच्या बुडाशी पडते. तिथून उतरलेले पाणी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे पापुद्रे सुटतात. वळवाच्या पहिल्या सरीआधी ही चीर लवचीक सीलंटने भरणे स्वस्त पडते. नुसते सिमेंट भरले तर पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा चिरते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या निचऱ्याची. वादळाने झाडपाला गच्चीवर येतो, त्यामागून मोठी सर येते आणि तुंबलेल्या पाइपमुळे गच्चीचे तळे होते. १०० चौरस मीटर गच्चीवर १० सेंटीमीटर पाणी म्हणजे १० टन वजन. वारा थांबल्यावर सर्वांत आधी पाइपाचे तोंड मोकळे करावे.

९. शाकारणी नेमकी कधी करावी? मृगापूर्वी केली म्हणजे पुरे नाही का?

मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेला लागते आणि शाकारणी मे अखेरीस उरकायची, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आता तो भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये मान्सून २५ मे रोजीच गोव्यात दाखल झाला. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि राज्यभर झाडे, विजेचे खांब व छपरे पडली. मे महिन्याचा तो मध्य, म्हणजे ऐन शाकारणीचे दिवस होते. अर्धे छप्पर उघडून ठेवलेल्या घराइतके असहाय घर दुसरे नसते.

म्हणून मोठे काम, म्हणजे वासे बदलणे, रिपा नव्याने मारणे, पत्रे बदलणे, मार्च-एप्रिलमध्ये संपवावे. एका दिवसात झाकून होईल तेवढाच भाग एका दिवसात उघडावा. वळवाच्या पहिल्या एक-दोन सरी पडून गेल्यावर छप्पर पुन्हा एकदा पाहावे. कोरड्या दिवसात केलेले काम पहिल्या भिजण्या-सुकण्यात थोडे बसते, हलते, आणि सैल जागा तेव्हाच उघड होतात. ही दुसरी फेरी जवळपास कोणी करत नाही. माझ्या मते पहिल्या फेरीइतकीच ती महत्त्वाची आहे.

१०. चवथ झाली, पाऊस ओसरला. आता छपराकडे पाहण्याचे काय कारण?

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, मान्सूनपूर्वी मे-जूनमध्ये आणि मान्सूननंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले, क्यार ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस. या वादळांना मिळणारे छप्पर चार महिने भिजलेले असते, रिपा ओल्या असतात, आढ्याच्या सिमेंटखाली पाणी मुरलेले असते आणि ऑक्टोबरच्या उन्हाने हे सगळे घाईघाईने सुकू लागलेले असते. सुकताना लाकूड आक्रसते आणि खिळे सैल होतात (प्रश्न ५). हस्ताच्या गडगडाटी सरी त्यातच येतात. चवथीनंतरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात तासाभराची एक तपासणी पुरेशी असते.

११. हवामान खात्याचा पिवळा, केशरी, लाल इशारा आला, तर छपरासाठी काय करावे?

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. खात्याच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ मिलिमीटरपासून अत्यंत जोरदार पाऊस धरतात. पण छपराच्या दृष्टीने इशाऱ्यातील पावसापेक्षा वाऱ्याचा आकडा अधिक कामाचा असतो आणि तो बहुतेक लोक वाचतच नाहीत. मेघगर्जनेच्या वादळासाठी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही दिला जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारी तो पाहण्याची सवय ठेवावी.

केशरी इशाऱ्याला गच्चीवरच्या कुंड्या, सुटे पत्रे, टाकीची झाकणे, कपडे वाळत घालण्याचे स्टँड खाली आणावेत, पन्हळ साफ करावी. लाल इशारा लागल्यावर छपरावर चढू नये.

१२. पावसाळ्यात चार दिवसांची उघडीप मिळाली, तर लगेच दुरुस्ती करून घ्यावी का?

किरकोळ करावी, मोठी करू नये. उघडिपीत कौले वरून सुकलेली दिसतात, पण शेवाळ खाली ओलेच असते आणि त्यावरून पाय घसरतो. पावसाळ्यातील उघडीप किती टिकेल याची खात्री नसल्याने छपराचा मोठा भाग उघडणे धोक्याचे आहे. फुटलेली कौले आतून, माळ्यावरून किंवा शिडीवरून बदलता येतात. अनुभवी माणूस तसेच करतो. ओल्या पृष्ठभागावर लावलेला सीलंट किंवा डांबरी पट्टी चिकटत नाही, त्यामुळे निदान एक पूर्ण दिवस ऊन मिळाल्यावरच ती लावावी.

चढणाऱ्या माणसाला कमरेला दोर बांधायला लावावे. पत्रा विजेच्या तारेला टेकलेला असेल किंवा तशी शंकाही असेल, तर वीज खात्याला १९१२ वर कळवून पुरवठा बंद होईपर्यंत ओल्या छपराला, खांबाला किंवा पन्हळीला हात लावू नये. दरवर्षी घडणारे अपघात टाळण्यासाठी या उत्तरातील हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे.

१३. तात्पुरती ताडपत्री टाकली तर चालेल का?

चालेल, पण ती दगड किंवा टायर ठेवून दाबू नये. वादळात तेच खाली येतात. ताडपत्री आढ्याच्या पलीकडे किमान मीटरभर न्यावी, तिच्या कडा लाकडी पट्टीभोवती गुंडाळून ती पट्टी वाशाला बांधावी. मध्ये फुगा राहिला तर वारा तिला शिडासारखी फुगवतो आणि ती खालची कौलेही ओढून नेते. उन्हाचा दिवस आला की ताडपत्रीची एक बाजू उचलावी, नाही तर खालचे ओले लाकूड आतल्या आत कुजते.

१४. वादळ चालू असताना खिडक्या उघड्या ठेवल्या तर आतला दाब निघून जातो, असे ऐकले आहे. खरे आहे का?

नाही. खिडक्या-दारे घट्ट बंद ठेवावीत. वाऱ्याकडची खिडकी उघडी राहिली तर आत शिरलेली हवा छपराला खालून वर ढकलते आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या वरच्या ओढीत भर घालते. वाऱ्याची दिशा पालटत असल्यामुळे (प्रश्न ६) आता सुरक्षित वाटणारी खिडकी थोड्याच वेळात वाऱ्याच्या तोंडी येऊ शकते. कौलारू घरात एखादी खोली स्लॅबची असेल तर सर्वांनी तिथे थांबावे.

१५. विमा कंपनी ‘हे झिजेमुळे झाले, वादळामुळे नाही’ असे म्हणते. काय करावे?

हा प्रश्न बदलत्या हवामानामुळेच अवघड होतो. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज पडणे आणि झाड पडणे यांमुळे झालेले नुकसान येते. झीज, गंज आणि हळूहळू झालेली गळती येत नाही. छप्पर ऊन-पावसाने सैल झालेले आणि वादळाने उडालेले असेल, तर दोन्ही बाजूंना बोलायला जागा राहते.

उपाय पुराव्याचा आहे. दरवर्षी शाकारणी झाल्यावर छपराचे आतून-बाहेरून तारखेसह फोटो काढून ठेवावेत, कामाची पावती जपावी. वादळानंतर कंपनीला लगेच कळवावे, आच्छादन घालण्यापूर्वी फोटो घ्यावेत, तुटलेले पत्रे आणि कौले सर्वेक्षक येईपर्यंत फेकू नयेत. पुढचे नुकसान टळावे म्हणून तात्पुरती ताडपत्री घालणे योग्यच असते. त्यामुळे दावा बिघडत नाही.

१६. सरकारी मदतीसाठी कुठे जावे?

नुकसानीची माहिती तालुक्याच्या मामलेदार कार्यालयात लेखी द्यावी. तलाठ्याकडून पंचनामा होतो, त्याची प्रत मागून घ्यावी. झाड घरावर पडले असेल तर अग्निशामक दलाला १०१ वर किंवा ११२ वर कळवावे.

१७. शेजाऱ्याचे फणसाचे झाड आमच्या छपरावर झुकले आहे. वादळापूर्वी ते कापता येईल का?

स्वतःहून कापू नये. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडण्यासाठी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आधी शेजाऱ्याशी बोलावे, मग पंचायतीकडे आणि मामलेदारांकडे फोटोंसह अर्ज द्यावा आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यावा. लांब उन्हाळ्यानंतर अचानक पडलेल्या पावसाने जमीन मऊ होते आणि पानांनी भरलेला माथा ओला होऊन जड होतो. बहुतेक झाडे अशाच पहिल्या वादळात मुळासकट येतात. माडाचे सुकलेले नारळ आणि झावळ्या मात्र एप्रिलमध्ये उतरवून घ्याव्यात, कौलांचे बरेचसे नुकसान त्यांनीच होते.

१८. छपरावर सौर पॅनल बसवले आहेत. वेगळी काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते. तिरके पॅनल वाऱ्यात पंखासारखे उचलले जाते आणि ते बळ खालच्या स्लॅबला किंवा पत्र्याला सोसावे लागते. सांगाड्याचे नट दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये कसावेत.

१९. एकाच छपराखाली तीन वारसदार राहतात. आमचा भाग आम्ही दुरुस्त केला, बाकीच्यांनी नाही. उपयोग होईल का?

थोडाच. आढे, वासे आणि भिंतीच्या माथ्यावरचे आडवे लाकूड सामाईक असते. शेजारच्या भागातली कौले उडाली की वारा माळ्यावरून तुमच्या भागाखाली येतो. नवा भाग आणि जुना भाग यांच्या जोडावर तर हालचाल वेगवेगळी होऊन चीर पडतेच, विशेषतः एकीकडे पत्रा आणि दुसरीकडे कौले असतील तेव्हा. मुंबईला किंवा परदेशात असलेल्या वारसांची संमती मिळण्यात वर्षे जातात, हे ठाऊक आहे. तोवर जोडाच्या रेषेवर रुंद पट्टी बसवावी, आपल्या हद्दीतले वासे भिंतीला पट्ट्यांनी बांधावेत आणि निदान आढ्याची कौले तिघांनी मिळून एकाच माणसाकडून बसवून घ्यावीत. तेवढ्या खर्चाला सहसा कोणी नकार देत नाही.

मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांची, अडचण निराळी असते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराच्या दुरुस्तीचा हक्क मुंडकाराला दिलेला आहे. जोत्याचे क्षेत्र मात्र वाढवता येत नाही. भाटकाराने अडवले तर मामलेदारांकडे जावे.

२०. दरवर्षीच्या कटकटीला कंटाळून कौले काढून त्याच वाशांवर पत्रा टाकायचा विचार आहे. योग्य आहे का?

‘त्याच वाशांवर’ हे शब्द काळजीचे आहेत. जुन्या घरात वासे भिंतीच्या माथ्यावर बहुधा नुसते टेकलेले असतात. जांभ्याच्या चिऱ्यांना त्यांची बांधणी नसते, कारण दर चौरस मीटर ४० किलोंचे ओझे त्यांना खाली धरून ठेवते. ते ओझे उतरवून चार-पाच किलोंचा पत्रा टाकला (प्रश्न २), की पत्रा वाशाला पक्का राहूनही संपूर्ण सांगाडाच उचलला जाऊ शकतो. पत्राच टाकायचा असेल तर आधी प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीला बांधावा, आणि ती पट्टी चिऱ्यांच्या वरच्या एकाच थरात न अडकवता भिंतीत दोन-तीन थर खाली नेऊन काँक्रीटच्या पट्ट्यात गुंतवावी. यासाठी येणारा खर्च आणि नव्या रिपांसह कौले पुन्हा नीट बसवण्याचा खर्च यांची दोन वेगळी अंदाजपत्रके मागवावीत. बऱ्याच घरांत दुसरे कमी येते.